गाळणीचे तीन ठोके

रविवार, १८ नोव्हेंबर

सकाळी उठून कपडे धुतले, वाळत घातले. दुपारी बँडचा कार्यक्रम होता, तिथे जाऊन आले. हवा कोरडी आहे.

ती. वन्संना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिन्याचं ऐकतो का? मी बरी आहे. जेवते, झोपते, तेव्हा काळजी नसावी. ह्यांच्या माघारी आता घर शांत झालं असेल ना, असं तुम्ही विचारलं आहे. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून जरा लांबून येते.

बँडचं नाव इथे लिहीत नाही (तुमची पत्रं शेजारी आधी वाचतात असं तुम्हीच म्हणता, आणि ते नाव वाचल्यावर तुम्हाला जिन्यात कोणी वाट देणार नाही). माणसं तुमच्या ओळखीची आहेत. गिटार वाजवणारा चष्मेवाला, त्याहून जाड गिटार वाजवणारा लिफ्टवाला, गळा फाडणारा औषधवाला आणि ड्रम बडवायला तुमचे भाऊ. ह्यांच्या कारखान्यातल्या नापास गाद्या आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतींना ठोकून तालीम चाले. आत हाक ऐकू जात नसे. म्हणून चहा झाला की मी दाराबाहेरच्या बटणाने खोलीतला दिवा दोनदा मिटवायची, आणि ते थांबायचे. पुढे झालं असं, की थांबायची दुसरी रीतच त्यांना येईना. हे कळलं पहिल्या जाहीर कार्यक्रमात. गाणं सुरू झालं ते झालंच. चष्मेवाल्याची तार तुटली, औषधवाल्याचा आवाज गेला, तरी चौघे एकमेकांकडे "आता कोण?" अशा नजरेने बघत वाजवत राहिले. शेवटी रखवालदाराला घरी जायचं होतं, त्याने मुख्य बटण बंद केलं. लोकांना वाटलं, काय शेवट केला! तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात मी बटणाशेजारी खुर्ची टाकून, विणकाम घेऊन.

बँड पहिल्यांदा मोडला तो शर्टांवरून. त्यांचं नाव अशा अक्षरांत काढलेलं, की वाळक्या झुडपाची मुळं वाटावीत. छापणाऱ्याने ते उलटं छापलं. सगळे शर्ट विकून झाल्यावर ते ह्यांच्या ध्यानात आलं (घेणाऱ्यांच्या अजून आलेलं नाही). मग आधी कोणाला दिसायला हवं होतं यावरून भांडण. त्यात चष्मेवाल्याला जे ऐकावं लागलं ते मी सांगत नाही. दुसऱ्यांदा मोडला लिफ्टवाल्याच्या लग्नात. सासरे म्हणाले, काहीतरी हळुवार वाजवा, आणि चष्मेवाल्याने वाजवलं. याला गद्दारी म्हणतात म्हणे. दोन्ही वेळा पुन्हा जमले ते ड्रममुळे. कार्यक्रमाला ड्रम भाड्याचे असत, पण घरचे ड्रम ह्यांनी ज्या लाकडी कट्ट्याला ठोकले, तो खोलीतच बांधलेला, दारापेक्षा मोठा. तो काही निघेना. मग जो तो "वहिनी, माझी वायर राहिली" म्हणत यायचा आणि चहाला थांबायचा.

तिसरी फूट मात्र खरी होती. औषधवाला म्हणाला, "वहिनींनी दिवा मिटवल्याशिवाय आपल्याला थांबता येत नाही, लाज वाटली पाहिजे." हे म्हणाले, "मग तू थांबून दाखव." तो थांबला, तो पुन्हा आलाच नाही. मग हे गेले. त्या दिवशी औषधवाला जिन्याखाली उभा राहिला, वर आला नाही. वन्सं, मला एवढंच लागून राहिलं होतं, की इतक्या वर्षांचं ह्यांचं काम भांडणावर संपू नये. शेवटी मीच त्याच्या दुकानात गेले, खोकल्याचं औषध मागितलं आणि म्हटलं, "तुमची वायर राहिली आहे." संध्याकाळी तो आला.

ड्रमला दुसरा माणूस नको, असं तिघांनी ठरवलं. ह्यांनी एकट्याने सराव करताना केलेलं एक रेकॉर्डिंग होतं. खोलीत आवाज फाटतो म्हणून यंत्र स्वयंपाकघरात ठेवलेलं. त्याच्यावरच वाजवायचं ठरलं. तालमीत ते शेवटपर्यंत कोणी ऐकलं नाही, कारण मध्येच औषधवाल्याचा घसा बसायचा (डोळ्यांतून).

आज मंचावर मध्ये रिकामं स्टूल. त्या सभागृहात दिवे कॉम्प्युटरवर चालतात, बटण नाहीच. लिफ्टवाल्याने आमच्या दाराबाहेरचं बटण उपसून तिथे नेऊन जोडलं. गाणं सुरू झालं आणि मी विणकाम पिशवीत टाकलं. मी आधी मिटवलं, तर हे एकटेच वाजवत मागे राहणार. उशीर केला, तर हे आधी थांबणार आणि बाकीचे वाजवत सुटणार, पुन्हा सगळ्यांचं हसं. शिवाय खरं सांगायचं तर मला ते बटण दाबायचंच नव्हतं. तेवढ्यात, कपाटाएवढ्या स्पीकरमधून, त्या सगळ्या गदारोळाच्या वर, ठक् ठक् ठक्. माझी गाळणी! चहा गाळला की मी ती ओट्याच्या कडेवर तीनदा आपटते आणि बटणाकडे जाते. हात आपोआप गेला. दिवे गेले, आले, गेले. तिघे थांबले, ड्रमही थांबले, अगदी एका ठोक्यावर. आणि अंधारात, सभागृहभर, तुमच्या भावाचा आवाज:

"आलो गं!"

मग ती सगळी काळ्या कपड्यांतली, केसाळ, धिप्पाड माणसं छत पडेल अशी ओरडली, "आलो गं! आलो गं!" बाहेर रस्त्यावरसुद्धा ओरडत गेली. औषधवाल्याने माझी विणकामाची पिशवी उचलून दिली आणि म्हणाला, "थांबलो बघा, वहिनी."

तेव्हा वन्सं, बँड आज मानाने संपला, आणि घर यापुढे शांत राहील.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोडायचं राहिलं. पुढच्या महिन्यासाठी आणखी दोन गावांहून बोलावणं आलं आहे. मंगळवारपासून तालीम, आमच्याकडेच.

ता. क. २. पत्राचं खरं कारण असं, की तुमची काळी शाल हवी होती. माझ्याकडे काळं काही नाही, आणि पोपटी रंगात मी तिथे फार उठून दिसते. पोस्टाने पाठवू नका, घेऊन या. तुम्ही भावाचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, आणि ऐकण्यासारखा शेवटच आहे. मी दुसरी खुर्ची सांगून ठेवली आहे. कापूस मी देईन.

ता. क. ३. आल्यावर चहा केला. गाळणी आपटली आणि सवयीने बटणाकडे गेले, तर भिंतीत भोक. लिफ्टवाल्याने तिथून सोडवून दिलेलं बटण अजून पिशवीतच आहे. मग एकच कप भरला आणि खिडकीच्या उजेडात, कट्ट्याच्या कडेवर बसून प्यायले.