आधी आरशात बघ

कास्तेलरोसो,
मंगळवार, १४ मे

लाडक्या इलारियो,

आईचा आशीर्वाद आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. छत्तिशीचा झालास म्हणून पापा चुकत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. परसातल्या शेंगा यंदा लवकर भरल्या. नीव्हेस मावशीचा गुडघा दुखतो आणि ती तो गावभर दाखवत फिरते. ग्वेर्रिनोने बारमधली कॉफी महाग केली आणि वर म्हणतो, कप मोठा केलाय. कप तोच आहे. मी त्याला तोंडावर सांगितलं.

तिकिटं पोचली. दोन. एक मला आणि एक नीव्हेस मावशीला, असं तू लिहिलंयस. रविवारी तुझा शेवटचा सामना, आणि निदान बरोबरी झाली नाही तर आपल्या शहराचा फुटबॉल संघ खालच्या श्रेणीत जाणार. गावात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. पाद्रीबाबासुद्धा प्रवचन देता देता अपशकुन टळावा म्हणून खिशातल्या लोखंडी किल्लीला हात लावतात. देवावर भरवसा आहेच, पण लोखंड ते लोखंड.

तुझ्या बाबांनी पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बरोबर केलं पोरानं. बरोबरी हवीय ना." मग गावची बस धुवायला गेले. ती सकाळीच धुतली होती.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "हो आई, बरं आई" करतोस आणि ठेवतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्या पहिल्या सामन्याला बाबा लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत बसले आणि तुझा पाय मोडला. पुढे तू देशाचा निळा शर्ट घातलास. ग्वेर्रिनोच्या टीव्हीपुढे ते जेमतेम टेकले, तोच तुझी पेनल्टी खांबाला लागली. झालं! एल्व्हिओ न्हावी उठून म्हणाला, "ओरेस्ते, माणूस तू सोन्यासारखा, पण पाय तुझा पांढरा!" सगळे हसले. तेही हसले. त्यानंतर त्यांनी तुझा एकही सामना पाहिलेला नाही. मिलानला तू जे चषक जिंकलास, ते त्यांनी गॅरेजमध्ये बादली आणि फडकं घेऊन जिंकले. आता तू परत इकडे खेळायला आलास, तर बस भरून अख्ख्या गावाला तेच मैदानापर्यंत नेतात. दार उघडतात, म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवतात आणि मैदानाकडे पाठ करून बसमध्ये संत्रं सोलत बसतात. काय चाललंय ते त्यांना आरडाओरड्यावरून कळतं.

बातम्यांत बघा म्हटलं, तर तिथे गोल दाखवतात. तू कुठे गोल करतोस? तू ज्याला चेंडू देतोस तो दुसऱ्याला देतो आणि तो दुसरा गोल करतो. पेपरवाले तुला सूत्रधार म्हणतात. टीव्हीवर सूत्रधार दिसत नाही.

गेल्या महिन्यात जेवताना बाबांनी मला विचारलं, "देलिया, चेंडू यायच्या आधी तो अजून मागे बघतो का गं?"

"बघतो. लोक म्हणतात, त्याच्या पाठीला डोळे आहेत."

"डोळे कसले! एवढासा होता तेव्हापासून बसमध्ये माझ्या शेजारी बसायचा. मी शिकवलंय त्याला, आधी आरशात बघ, मग वळ." मग पावाच्या तुकड्याने ताट पुसत म्हणाले, "एकदा बघायला हवं होतं." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच बोलले. मला जेवण गेलं नाही.

काल बारमधल्या दुकानात मीठ आणायला गेले, तर तुझे बाबा टोपी हातात घेऊन उभे. शाळेत शिक्षा झाल्यासारखे. म्हणत होते, "रविवारी बस लावून झाली, की मी वरच्या कोपऱ्यात, खांबामागे उभा राहीन म्हणतो. कुणाला दिसणार नाही."

एल्व्हिओ म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पोरगा घरीच येतोय की! परसात खेळेल तुझ्यापुढे, हवं तेवढं बघ." सगळे खिदळले. बाबाही हसले. "मी आपलं असंच विचारलं," म्हणाले आणि टोपी घातली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिठाची पिशवी काउंटरवर अशी आपटली की ती फुटली आणि मीठ सांडलं. अपशकुन! सगळ्यांचे हात लोखंड शोधत खुर्च्यांच्या पायांना.

"तुमचा संघ खाली गेला तर पुढच्या वर्षी वर येईल," मी म्हटलं. "माझा मुलगा पुढच्या वर्षी खेळणार आहे का? ओरेस्ते आत बसणार. नको असेल तर रविवारी चालत जा मैदानावर!"

"देलिया, संघ बुडाला तर गाव तुला माफ करणार नाही हं," ग्वेर्रिनो म्हणाला.

"नको करू दे. कॉफी मी घरी पिते."

आता जे लिहायचं मघापासून टाळतेय ते लिहिते. प्रत्येक सामन्याआधी तुझा फोन येतो. शेंगा, मावशी, पाऊसपाणी सगळं विचारतोस, आणि ठेवता ठेवता म्हणतोस, "बाबा कुठे आहेत?" मी सांगते, गॅरेजमध्ये. मग तुझा सुटलेला श्वास मला ऐकू येतो. बाबांना मी हे कधी बोलले नाही. त्यांना वाटायचं, घाबरतं ते गाव. पण दुसरं तिकीट मावशीच्या नावाचं बघून त्यांना कळलं असणार. आणि तरी म्हणाले, बरोबर केलं पोरानं.

मी रागावले नाही रे. मीसुद्धा आत्ता डाव्या हाताच्या मुठीत किल्ली धरून लिहितेय.

मावशीने तिकीट देऊन टाकलं. तिच्या गुडघ्याचा प्रथमच कुणाला उपयोग झाला. लग्नातला कोट उन्हात टाकलाय. बटणं पोटावर लागत नाहीत, ती मी सरकवून देईन. बाबा अजून नाही-नाही म्हणतायत, पण आज बसच्या आरशापुढे उभे राहून भांग पाडताना मी त्यांना पाहिलं.

रविवारी फोन कर, पण तेवढं विचारू नकोस. विचारलंस तर मी खरं सांगेन. चेंडू यायच्या आधी तू मागे बघतोसच, तसाच बघ. आम्ही तुझ्या मागेच असू. आणि हरलास तर हरलास, बाळा. जेवायला घरी ये.

रविवारी तुझ्या बाबांच्या शेजारी बसणारी,
तुझी आई