पठाराची फेरी, दर्जा मध्यम

३ मार्च, सोमवार
ह्यांनी माझ्यासाठी सायकल आणली. न विचारता. करडी, कोणीतरी वापरलेली आणि लोखंडी कपाटासारखी जड. मधला पाइप मनगटाच्या तिप्पट जाड. मजबुतीसाठी असावा. सोबत एक चार्जर. दिव्याला चार्जर! हे समजावून सांगायला लागले तसा मी हात वर केला. दोन चाकं, दोन पेडल, एक घंटी. त्यात समजवायचं काय? मी कॉलेजला सायकलवर जात होते तेव्हा हे बसच्या रांगेत उभे असायचे. माहितीचं पुस्तकही होतं. ड्रॉवरमध्ये टाकलं.
संकल्प: उद्यापासून रोज सकाळी सहाला.

४ मार्च
वारा होता. उद्यापासून.

५ मार्च
पाण्याच्या टाकीचा चढ चढले. धाप नाही, काही नाही. हे मागून आले ते घामाघूम, चेहरा लालबुंद. श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. हे म्हणाले, हो ना, शिकायला हवं. चला, या वयात का होईना पटलं.
निघताना हे माझ्या हँडलवरचं एक बटण दाबून देतात. दिव्याचं असणार. दिवसाढवळ्या दिवा! पण एकेकाला सवय असते.
तक्रार: पेडल मारताना कुठूनतरी घुंऽऽ असा बारीक आवाज येतो. ह्यांना तेल घालायला सांगितलं.

९ मार्च, रविवार
ह्यांच्या सायकल मंडळाबरोबर प्रथमच. तळ्याकाठचा सपाट रस्ता. मंडळ कसलं, गोंधळ आहे. कोणी पुढे, कोणी मागे. वन्सं तर मेंढी दिसली की उतरतात आणि फोटो काढतात. मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसतात हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, वहिनी, मेंढ्यांना सांग ते.
दाताचे डॉक्टर मंडळाचे कॅप्टन आहेत. त्यांचा गुडघा गेला. सहा एप्रिलला पठाराची पूर्ण फेरी, आणि परतल्यावर चहाच्या वेळी नवा कॅप्टन ठरणार. फेरी म्हणजे तळं, मग खिंडीचा चढ, वरचं पठार आणि पलीकडून खाली. पाटीवर लिहिलंय, दर्जा मध्यम. मध्यम! मी आयुष्यात सेकंड क्लास घेतला नाही.
कॅप्टन व्हायला तयार असल्याचं मी तिथेच सांगितलं. शांतता पसरली. आदराची असावी. मग वन्संही म्हणाल्या, मीपण. वन्सं!

१४ मार्च
चढावर एका घट्ट कपड्यांतल्या तरुणाला मागे टाकलं. त्याने माझ्या सायकलकडे बघितलं आणि ओरडला, ही चीटिंग आहे हं आजी! मी थांबून विचारलं, आजी कोणाची? हल्लीच्या मुलांना हार पचत नाही.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांना ठसका लागला.

१८ मार्च
मंडळासाठी नियम तयार केले. रांग मोडायची नाही. फोटो फक्त ठरल्या जागी. इतकी वर्षं मुलींचं होस्टेल सांभाळलं, हे सहा-सात म्हातारे म्हणजे किस झाडकी पत्ती. माझी रेक्टरची शिट्टी माळ्यावर सापडली. वाजवून बघितली. खालच्या मजल्यावरचा कुत्रा अजून भुंकतोय.

२० मार्च
लेकीचा फोन. विचारत होती, आई, जमतंय का तिच्यावर? म्हटलं, तिच्यावर काय, माझ्या पायांवर. ती हसत सुटली आणि म्हणाली, बाबांना दे. बाबा फोन घेऊन गॅलरीत. दार लोटलेलं असलं तरी माझे कान रेक्टरचे आहेत. तिला एवढ्यात सांगायचं नाही हं, असं हे म्हणाले. कॅप्टन झाल्यावर मला काहीतरी भेट द्यायचं चाललंय दोघांचं. घड्याळ नको म्हणावं, आहे.

२३ मार्च, रविवार
खिंडीच्या निम्म्यापर्यंत सराव. मी सर्वांत पुढे. वन्सं सायकल ढकलत, चालत आल्या. त्यांना सांगितलं, वन्सं, सगळा खेळ मनाच्या ताकदीचा असतो. त्यांनी आपल्या भावाकडे बघितलं. ह्यांनी बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. ह्यांच्या बुटांना नाड्या नाहीत.

२९ मार्च
हे एक नवं खूळ. दुपारी मी जरा आडवी झाले की हे सायकलचा प्लग लावून बसतात. दिवा एवढा कुठे जळतो? विजेच्या बाबतीत ह्यांना कधीच शिस्त नव्हती. होस्टेलमध्ये मी रोज दिवेबंदीला फेरी मारून इस्त्र्या, किटल्या, चार्जर सगळे प्लग काढत असे. घरीही तेच करते, म्हणून घर उभं आहे.

५ एप्रिल, शनिवार
उद्या फेरी. आज दिवसभर सराव. टाकीचा चढ पुनःपुन्हा. हे म्हणाले, अगं पुरे, आता तिलाही विश्रांती दे. तिला म्हणे! अंधार पडताना घरी आले. ह्यांनी लगेच प्लग लावला आणि जेवताना म्हणाले, आज तेवढा एक राहू दे हं. हो म्हटलं.
मग झोपण्याआधी नेहमीची फेरी मारली आणि काढला. उद्या उजेडात जायचंय, उजेडात यायचंय. नियम म्हणजे नियम.

६ एप्रिल, रविवार
सकाळी, निघण्याआधी. गळ्यात शिट्टी. हे नाश्ता करताहेत. दिव्याचं बटण आज मीच दाबलं. तेवढंच ह्यांना बरं वाटेल.

तळ्याकाठी. मीच पुढे. दोनदा शिट्टी वाजवून रांग सरळ केली. डॉक्टर मोटारीतून मागे येताहेत, कौतुकाने बघताहेत.

खिंडीच्या पायथ्याशी. घुंऽऽ बंद झालं. ह्यांनी तेल घातलं म्हणायचं शेवटी.

पहिलं वळण. रस्त्याचं काहीतरी केलंय. मागच्या वेळी एवढा उभा नव्हता.

दुसरं वळण. समोरून भयंकर वारा. गवत हलत नाहीये, पण वारा आहे.

तिसरं वळण. मंडळाला विश्रांती मिळावी म्हणून शिट्टी वाजवली. वाजली नाही. फुंकायला आत हवा लागते. सगळे पुढे गेले. वन्सं चालत चालत गेल्या. म्हणाल्या, वहिनी, सगळा खेळ मनाच्या ताकदीचा.

संध्याकाळी, घरी. बसून लिहवत नाही. आडवी पडून लिहिते आहे.
दगडी कठड्यावर बसले होते तेव्हा हे वरून परत खाली आले. सायकलकडे बघितलं आणि एकच विचारलं, प्लग काढलास? मी म्हटलं, दिव्याचा? मग ह्यांनी सांगितलं. मोटर आहे म्हणे. त्या जाड पाइपात बॅटरी. मी विचारलं, किती दिवसांपासून? म्हणाले, पहिल्यापासून.
मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं? म्हणाले, पहिल्या दिवशी सांगत होतो, तू हात वर केलास. आणि नंतर तू इतकी खुशीत होतीस की जीभच रेटेना. शिवाय सांगितलं असतं तर तू बसली असतीस का?
नसते बसले.
मग म्हणाले, दर रविवारी तुझ्याशिवायच येतो गं मी. वरून काय दिसतं ते घरी येऊन तुला सांगतो, आणि तू तेव्हा वर्तमानपत्र वाचत असतेस. एकदा तुला दाखवायचं होतं.
मी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली.
डॉक्टरांनी मोटारीत बसायला सांगितलं. मी नाही म्हटलं. ह्यांनी माझं कपाट ढकललं, मी ह्यांची सायकल धरली, आणि आम्ही चालत वर गेलो. वर पठार अगदी लांबवर पसरलेलं. ढगांच्या सावल्या त्याच्यावरून सरकत होत्या, आणि खाली तळं, ताटलीएवढं. ह्यांनी सांगितलं होतं तसंच होतं सगळं. बहुतेक. मी नीट ऐकलं नव्हतं.
वन्सं तिथेच थांबल्या होत्या. मेंढ्यांचे फोटो काढत होत्या, पण थांबल्या होत्या. बाकीचे कधीच चहाला पोचले होते.
चहाच्या वेळी कॅप्टन ठरल्या वन्सं. मागे राहिलेल्यांसाठी थांबतात म्हणून. एकमताने. ते एक मत माझंही होतं, हे लिहून ठेवते.

७ एप्रिल, सोमवार
मांड्या भरून आल्यात, जिना उलट्या पावली उतरले. शिट्टी वन्संना पाठवून दिली. त्यांचा निरोप आला, वहिनी, रविवारी सहाला निघायचं, उशीर नको. चढली कॅप्टनकी डोक्यात.
संकल्प: बटण न दाबता टाकीचा चढ. पुढच्या सोमवारपासून. वारा नसेल तर.
झोपण्याआधी फेरी मारली. टीव्ही, इस्त्री, ह्यांचा फोन, सगळे प्लग काढले. सायकलचा राहू दिला. दिवस मोठे होत चाललेत, पण दिवा असलेला बरा.