मागच्या चाकाची कारणमीमांसा

आदरणीय दादा,

तुमच्या भगिनीच्या यजमानांचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; हल्ली वाकवत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला असेल. इथे सर्वांचं क्षेम आहे, सायकल तेवढी आजारी आहे.

बाजाराच्या चढावर मागच्या चाकाची रिम तडकली. ढकलत घरी आणली, तर भगिनींनी चाकाकडे न बघता माझ्या पोटाकडे बघून निदान केलं, "रिम बिचारी किती सोसणार?" त्या दिवसापासून ताटात दुसऱ्यांदा भात पडत नाही.

आम्ही संस्कृत शिकलेली माणसं. प्रमाणाशिवाय शिक्षा भोगणं जिवावर येतं. चाक मांडीवर घेऊन बसलो. खड्ड्यात आपटलं असतं तर पोचा पडता, पोचा नाही. ब्रेकनं झिजलं असतं तर कडेला चर पडता, चर नाही. चिरा सगळ्या स्पोकच्या भोकांभोवती. म्हणजे स्पोकनी रिम ओढली, आणि स्पोक काही आपणहून आवळत नाहीत. इथे मला तुमचा गेल्या खेपेचा मुक्काम आठवला. 'चाकं डुगडुगतात हो' म्हणत तुम्ही पाना घेऊन अंगणात बसलात आणि दोन्ही चाकांचे स्पोक वीणेसारखे वाजेपर्यंत आवळलेत. (त्याच भरात आवळलेला न्हाणीघरातला नळ आता पक्कड लावून उघडतो. मधाची बरणी उघडतच नाही. तिला आम्ही शोभेची वस्तू मानतो.) दोष देत नाही. पाहुण्याच्या हाताला काहीतरी काम हवंच.

आपला कृश होत चाललेला,
मेहुणा

ता. क. : मुख्य काम राहिलंच. 'स्पोक मीच जास्त आवळले' एवढी ओळ भगिनींना लिहा. माझ्या अनुमानापेक्षा त्यांना दादाचा शब्द मोठा. माझा भात त्यावर अवलंबून आहे.

पुन्हा ता. क. : ओळीची तसदी नको. पाकीट चिकटवण्याआधी भगिनींनी पत्र वाचलं. स्पोक तुम्हीच आवळलेत हे त्यांना मान्य आहे. "पण दादानं आवळली दोन्ही चाकं," त्या म्हणाल्या, "तडकलं मात्र तुमचा भार पडतो तेवढंच." पुढच्या चाकाचा विचार माझ्याकडून राहूनच गेला होता, न्यायशास्त्रही इथे माझ्या बाजूनं उभं राहत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला एवढंच करा, ती मधाची बरणी उघडून द्या. भगिनी बाजारात गेल्यावर.