पिठाचा ठिपका

अहो,

नमस्कार. पहिल्याच ओळीत सांगते, माझं काम शाबूत आहे. दोन महिने शिंका आणि धाप तुमच्यापासून लपवली, रागावू नका. बेकरीतल्या पिठाचीच अ‍ॅलर्जी निघाली तर काम सुटेल, या धास्तीनं झोप उडाली होती.

आज तपासणीला नर्सबाईंनी हातावर पीठ, धूळ, मांजर अशा वेगवेगळ्या गोष्टींच्या अर्कांचे दहा थेंब टाकून प्रत्येकावर सुईनं हलकंसं टोचलं. पंधरा मिनिटं मी पिठाच्या ठिपक्यावरून नजर हलवली नाही. तो शहाण्यासारखा गप्प राहिला. टम्म फुगला तो मांजराचा!

"मांजर पाळलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाळलं नाही हो, तेच येऊन शेजारी झोपतं."

आजपासून त्याचं अंथरूण जिन्यात. पलंगाची तुमची बाजू आता फारच मोठी वाटते. लेकीला घेऊन गावाहून कधी परत येताय?

वाट बघणारी,
तुमचीच