जिवाणूंची बडदास्त

३ मार्च, सकाळ
टाकी आली! खाऱ्या पाण्याची, चार फुटी. हिचं शिलाई मशीन हॉलच्या कोपऱ्यातून बेडरूममध्ये गेलं. हिने अट घातली आहे: ३० एप्रिलपर्यंत जिवंत मासे दिसले नाहीत, तर टाकी विकायची आणि मशीन परत कोपऱ्यात. हसून हो म्हटलं. पंधरा दिवसांचं काम.

३ मार्च, संध्याकाळ
माशांचा दुकानदार म्हणतो, आधी चांगले बॅक्टेरिया वसू द्या. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, म्हणजे विषच. ते हे बॅक्टेरिया फस्त करतात. त्यांची वस्ती दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये. महिना-दीड महिना लागतो म्हणे. सामान्य गिऱ्हाइकांना लागत असेल. बाटलीतले बॅक्टेरिया ओतले, एक कच्ची कोळंबी टाकली. ती सडली की त्यांच्या जेवणाची सोय. आता फक्त गप्प बसायचं. तसा संकल्प केला.

६ मार्च
कोळंबीला वास. असलं सडकं खाऊन निरोगी बॅक्टेरिया कसे घडणार? काढून टाकली. दगडांवर चिकटा होता, तो ब्रशने घासून दगड नळाखाली धुतले. स्पंजही पिळला. आता कुठे टाकी राहण्यालायक झाली. हिने विचारलं, ज्यांना राहायला बोलावलं त्यांनाच धुऊन काढलं का. तिला सायन्स कळत नाही.

११ मार्च
टेस्ट केली. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. गर्द हिरवं. पण छटा प्रसन्न आहे.

१५ मार्च
जेवल्यावर चहापर्यंत पंप बंद ठेवतो. एवढ्या खळखळाटात बिचाऱ्यांना वामकुक्षी कशी मिळणार? दुकानदाराला फोनवर ही कल्पना सांगितली. त्याने ती पुन्हा दोनदा सांगायला लावली. भारावला असावा. मग म्हणाला, हवेविना ते गुदमरतात, आणि नळाच्या क्लोरीनने उरलेसुरलेही गेले असतील. पुन्हा श्रीगणेशा.

२२ मार्च
मेहुणा आला होता. मासे कुठे आहेत म्हणाला. मी म्हटलं, मासे काय कुणीही पाळतं, मी त्याच्या आधीची पायरी पाळतोय. त्याने टाकीकडे बघितलं, मग आपल्या ताईकडे. दोघं स्वयंपाकघरात जाऊन खो खो हसले. जळतात.

२९ मार्च
घात झाला. ऑफिसने ब्रँचच्या ऑडिटला चार आठवडे पिटाळलंय. नेमकं आत्ताच! नवी बाटली ओतली, नवी कोळंबी टाकली. हिला बजावलं: उद्या कोळंबी काढ, दर तीन दिवसांनी दगड घास, स्पंज उकळून गार केलेल्या पाण्यात धू. क्लोरीनचा प्रश्नच मिटला. हिने तोंडात टाचण्या धरून मान हलवली. माझा जीव टांगणीला.

१२ एप्रिल, गेस्ट हाऊस
फोन केला. सगळं करतेस ना, विचारलं. हं म्हणाली. मागे मशीनचा खडखडाट. गेली माझी टाकी! मेहुणा जन्मभर हसणार. घास गिळेना. दोनदाच वाढून घेतलं.

२६ एप्रिल
घरी आलो. कोळंबी विरघळून नाहीशी. दगडांवर चिकटा, काचेवर शेवाळ. हिने कशालाही बोट लावलं नव्हतं! ब्रश घेऊन धावलो, तर दारात दुकानदार. हिनेच बोलावला होता. टेस्ट: पिवळं. लख्ख पिवळं. बॅक्टेरिया ठणठणीत वसलेत म्हणाला, आणि हिला विचारलं की काय केलंत. ही म्हणाली, काही नाही, ब्लाऊजची कामं तुंबली होती. बाईमाणूस श्रेय घेत नाही. दुरून केलेलं माझं प्लॅनिंग फळाला आलं.

२७ एप्रिल
दोन क्लाऊनफिश आले. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. हिने सोडले. डोळे भरून आले, अगदी खरं सांगतो. जाताना दुकानदार हिला म्हणाला, साहेबांना टाकीपासून जरा लांबच ठेवा. गमत्या माणूस आहे.

३० एप्रिल
जिंकलो! मासे जिवंत, टाकी कोपऱ्यात. मशीनही हॉलमध्ये आलं. माशांवर नजर ठेवत शिवता येतं म्हणे. जागा करायला माझी आरामखुर्ची बेडरूममध्ये गेली. मेहुण्याने उचलू लागायला खास रजा घेतली. इथून मासे दिसत नाहीत. पंप मात्र छान ऐकू येतो.