फॉर्म्युल्याच्या पानावरचं नाव

प्रिय शहाण्या,

आधी बातमी, कारण माझ्या पोटात काही राहत नाही: काल सह्या झाल्या! आपला गंजरोधक रंग आता ती बोटी बांधणारी मोठी कंपनी घेणार, आणि कारखाना आपलाच राहणार. गेटवरचे काका तर नाचतच ऑफिसात आले.

सह्यांआधी त्यांना आपले सगळे कागद तपासायचे होते, फॉर्म्युल्यासकट. जुना फॉर्म्युला प्रतिस्पर्ध्याकडे फुटल्यावर दोन वर्षं खपून हा नवा केलाय; हाही फुटला असता तर कारखान्याला टाळंच लागलं असतं. म्हणून या वेळी फायलींचे गठ्ठे न पाठवता डेटा रूम घेतली, म्हणजे इंटरनेटवरची कुलूपबंद खोली. त्यांच्या वकिलाला फक्त करार दिसतात, केमिस्टला फक्त चाचण्या. कुणी कुठलं पान किती वेळ पाहिलं याची नोंद होते, आणि छापलं तर छापणाऱ्याचं नाव पानभर तिरकं उमटतं. बाबा मालक, म्हणून त्यांना मात्र सगळंच उघडं ठेवलं. इथे माझी अक्कल शेण खायला गेली.

चौथ्या दिवशी मोबाइलवर सूचना आली की बाबांनी फॉर्म्युला छापला. मी धावत त्यांच्या केबिनमध्ये गेले. आपल्याला रंगाचे डबे पुरवणारे त्यांचे जुने स्नेही चष्मा चढवून तेच पान वाचायला घेत होते, आणि बाबा कौतुकाने सांगत होते की टाइप केल्यावर किती झकास दिसतंय. मी पान हिसकावलं, तर बाबाच माझ्यावर उखडले. यात लपवायचं काय, म्हणे, तीन वर्षांपूर्वी जुन्या फॉर्म्युल्याची वहीसुद्धा यांनी दोन दिवस घरी नेली होती की! डबेवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या प्रतिस्पर्ध्याला डबे तेच पुरवतात, हे बाबांच्या ध्यानात तेव्हा आलं. मी कंपनीला सगळं आपणहून कळवलं. नोंदी पाहून त्यांचा भरवसा उलट वाढला.

जुना फॉर्म्युला फुटला तेव्हा वहीच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती, एवढ्यावरून मी सगळ्या कामगारांसमोर तुला चोर म्हटलं. तू घर सोडून निघून गेलास. आज सकाळी त्याच कामगारांना जमवून मी सांगितलं की माझा भाऊ निर्दोष आहे. बाबा शेजारी उभे राहून रडत होते, पण टाळ्या इतक्या वाजल्या की कुणाला ऐकू गेलं नाही. चुकले रे मी. तुझा अर्धा वाटा करारात तुझ्याच नावाने लिहून घेतलाय. माफ करायला जमेल तेव्हा कर, पण घरी आधी ये.

तुझीच वाट पाहणारी,
ताई