कम्प्युटरला दोन नावं पेलत न्हाईत

१ एप्रिल २०१९, सोमवार. सकाळी.
आजपासून वही. मेसमधली एक पोरगी बारावी करून गावी गेली, तिची अर्धी कोरी वही खाटेखाली सापडली. पुढून तिनं काढलेलं बेडकाचं पोट, मागून मी. साक्षरतेच्या वर्गात दोन हिवाळे बसले होते, तेवढ्यावर चालून जाईल. मलाच वाचायचं हाय, दुसऱ्या कुणाला न्हाई.

माझा ल्योक आनंदराज, नांदेडला जिल्हा परिषदेत कारकून. तेनं मागच्या साली मेसची वेबसाइट काढून दिली. नाव केवळाबाई मेस डॉट इन. तेच्यासंगं ईमेल. वर्षभर तोच बघायचा. काल फोनवर म्हणला, आई, मला इलेक्शनची ड्युटी लागली, आता आबेदामावशीच्या नातीला, अलीझाला दे बघायला. तुला जमायचं न्हाई.

जमायचं न्हाई! लातुरात रोज साठ डबे जातात माझे. एकबी चुकत न्हाई.
ठराव: ईमेल रोज सकाळी बघायचे. मी बघायचे. अलीझाला हात लावू द्यायचा न्हाई. का, ते लिहायची गरज न्हाई.

३ एप्रिल, बुधवार.
ईमेल उघडले. एकशे चाळीस. जवळजवळ सगळे विंग्रजी. आनंदराजला विचारलं. घाईत होता. म्हणला, लई कचरा येतो तेच्यात, डिलीट मार. मारलं. सगळंच. अंगण झाडल्यावानी झालं. झाडताना कचरा वाचत बसत न्हाईत. अर्ध्या तासात काम फत्ते, आणि हा म्हणे जमायचं न्हाई.

वेबसाइटच्या खाली आकडा हाय, किती लोकांनी बघितली तेचा. ६१२. मी आज अकरा वेळा उघडली, दर वेळी एक वाढलेला. लोकांचं लक्ष हाय आपल्यावर.

११ एप्रिल, गुरुवार.
रोज झाडते. एक दिवस खाडा न्हाई.
वेबसाइटवर माझा फोटो हाय, पातेल्यामागं उभी. कडेला आबेदाचं कोपर आलंय. आनंदराज तवा म्हणला होता, कापू का? मी म्हणले, राहू दे, तीबी दिसू दे. म्हणजे मी तिला वगळलं असं कुणी म्हणू नये.

आबेदाचं एकदाच लिहून ठेवते. मेस आम्ही दोघींनी काढली, भूकंपानंतर चौथ्या वर्षी. क्लासच्या पोरी लातूरला यायला लागल्या होत्या, त्यांना जेवण पाहिजे होतं. धपाटे माझे, खिचडी आणि चिंचेचा खट्टा तिचा. मागच्या साली वेबसाइट काढताना तिनं विचारलं, केवळा, माझं नाव न्हाई का गं तेच्यात? मी म्हणले, कम्प्युटरला दोन नावं पेलत न्हाईत, एकच घेतो. ती म्हणली, हौ का? बरं. आणि कांदा चिरायला लागली.

आता, तेच्या चार दिवस आधी एका पोरीच्या बापानं फोनवर विचारलं होतं, स्वयंपाकाला कोण असतं? मी म्हणले, मी असते. खोटं न्हाई. असतेच की. धंदा हाय. आडनाव तर मी माझंबी टाकू दिलं न्हाई. आडनाव वाचून लोक काय काय ताडतात, ते मला कुणी शिकवायला नको.
झालं. पुढचं पान.

२१ एप्रिल, रविवार.
गुरुपादप्पा वर आला. खाली तेचं किराणा दुकान, इमारतबी तेचीच. म्हणला, बाई, चौदा खाटांतल्या पाच भरल्यात. पंधरा जूनपर्यंत भरा, न्हाईतर वरचा मजला अभ्यासिकेला देतो, त्ये लोक रोज विचारून राहिलेत. मी म्हणले, अप्पा, आमची वेबसाइट हाय. दुनिया बघायलीय. आकडा दाखवला, ९०४. अप्पानं चष्मा वर करून बघितला. म्हणला, मंग ह्याच्यातल्या नऊ जणी पाठवा की वर. मी म्हणले, रांग लागंल, रांग.

मजला गेला तर आम्ही दोघीबी रस्त्यावर. आबेदाची खाट माझ्याच खाटेशेजारी हाय. तिनं नुसतं वेबसाइट बरी चालून राहिली का, एवढं विचारलं. मी म्हणले, पळायलीय.

२७ एप्रिल, शनिवार.
अलीझा आली. आबेदाच्या ल्योकाची पोरगी, बी.सी.ए. करायलीय. म्हणली, केवळादादी, डोमेनचं रिन्युअल कवा हाय? मी म्हणले, तेलुगूत विचारायलीस का? म्हणली, वेबसाइटचं नाव मुदतीवर मिळतं दादी, दर साली वाढवून घ्यावं लागतं. मी म्हणले, नाव हाय का भाड्याची सायकल? बारसं एकदाच होतं. ती हसली. म्हणली, मला एक मिनिट बघू द्या ना, आणि माझ्या मोबाईलला हात घातला. मी ओढून घेतला. ती बघंल, मंग तिच्या दादीला सांगंल की
काही न्हाई.

आबेदा म्हणली, पोरीवर काहून वरडतीस? मी म्हणले, आजकालची पोरं, एक दाबायला जातात, दुसरंच दाबतात.
दुपारी पासवर्ड बदलला. ईमेलला आणि वेबसाइटला एकच ठेवला, डोक्याला ताप नको. पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून खडूनं लिहिला. तिथं कुणाची नजर जायची न्हाई.

३ मे, शुक्रवार.
आनंदराजचा फोन. रिन्युअलचा मेल आला का? मी म्हणले, एकबी न्हाई, सगळं साफ हाय. म्हणला, आला की लगेच सांग. हाव म्हणले. सकाळी झाडून झालं होतं.

८ मे, बुधवार.
रोज्यांचा दुसरा दिवस. आबेदा थुंकीबी न गिळता साठ डब्यांचा खट्टा करते. तिला चाखता येत न्हाई, म्हणून चमचा माझ्या पुढं धरते. मीठ? मी सांगीन ते खरं. वाढव म्हणले की वाढवते, बस म्हणले की बस. दरसालचं हाय हे. माझ्या जिभेवर तिचा लई भरवसा.
आज उगाच दोनदा चाखलं.

१९ मे, रविवार.
बुकिंग एक न्हाई. कारणं: ऊन. इलेक्शन. टँकर चार दिवसांनी येतो, अशा गावात पोरगी कोण धाडतंय. दहावीचा निकाल लागंपर्यंत खाट कोण धरतंय. वेबसाइटचा दोष न्हाई. आकडा तेराशेच्या पुढं.

जेवताना एक पोरगी म्हणली, आज्जी, भूकंपाची गोष्ट सांगा. मी म्हणले, परीक्षेत येती का? पण आबेदानं सुरू केलं. आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. पत्र्याच्या शेडची यादी लागली, तेच्यात माझं नाव न्हवतं. नवरा मेलेला, घर भाड्याचं, मला कोण मोजतंय. आबेदाचं होतं. ती तीन दिवस साहेबाच्या टेबलापुढं फतकल मारून बसली. म्हणली, हिचं लिहा, न्हाईतर माझंबी खोडा. चौथ्या दिवशी लिहिलं.

पोरींचे घास हातातच. मी म्हणले, जेवा गं, गार होतंय.
कुणीबी केलं असतं म्हणा. आणि ती यादी कागदाची. कागदाला खाली जागा असते. कम्प्युटरचं वेगळं.

१ जून, शनिवार.
वेबसाइट उघडली तर रंगीत झालेली! चकचकीत. पत्ते, फिरतं चक्र, टिकल्यांच्या झग्यातली बाई. आनंदराजनं गुपचूप नवीन करून दिली वाटतं. बाई मेसच्या मानानं जरा जास्त झाली, पण पोरींना आवडंल. माझा फोटो दिसंना, आतल्या पानावर असंल. आकडाबी दिसंना, मोजायच्या पलीकडं गेला असंल.
ईमेलबी यायचे बंद झाले. तेचं दार उघडंना. चला, झाडायचं काम वाचलं.

५ जून, बुधवार. ईद.
शीरखुर्मा. आबेदानं गुरुपादप्पाला वाटी दिली. तेनं उभ्या उभ्या खाल्ला, बोटानं खाटा मोजल्या. पाचच. म्हणला, खुर्मा लई फक्कड झालाय, आबेदाखाला. दहा दिवस राहिले.

९ जून, रविवार.
लिहायचं न्हवतं. लिहिते.
भोकरहून व्यंकटी नावाचा माणूस आला. संगं पोरगी, संगं ट्रंक. दारातच मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. म्हणला, आज्जे, ही मेस हाय का जुगाराचा अड्डा? पोरगी मेसचं नाव टाकायली, तर हे रमी खेळा म्हणतंय. बघितलं. तीच झगेवाली बाई. पोरगी ओढणीत तोंड घालून हसायली.

म्हणला, मे महिन्यात तीन मेल टाकले, खाट ठेवा म्हणून. एकाचं उत्तर न्हाई. मी म्हणले, विंग्रजीत टाकले का? म्हणला, पोरीनं टाकले, विंग्रजीतच. म्हणजे तेबी मीच झाडले. तेच्यासंगं आणखी किती बापांचे झाडले, कुणास ठाऊक.

मी विचारलं, मंग आलात कसे? म्हणला, आमच्या गल्लीतली पोरगी इथं राहून गेली. ती म्हणली, वेबसाइट सोडा काका, स्टँडवर उतरून कुणालाबी आबेदाखालाची मेस विचारा. रिक्षावाल्याला विचारलं, तेनं पत्ताबी न्हाई पुसला, थेट आणून सोडलं. मंग मला खालून वरपर्यंत बघून म्हणला, केवळाबाई कोण? तुम्हीच का?

आबेदा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होती. कवापासून, ठाऊक न्हाई. तिनं तेला पाणी दिलं आणि पोरीची ट्रंक उचलून आत नेली.
खाटा सहा.

१० जून, सोमवार.
आनंदराज फोनवर वरडला. नावाची मुदत एकतीस मेला संपली. सात-आठ मेल तरी आले असतील, आई! मी म्हणले, झाडले. मंग म्हणला, अजून परत मिळतं, पासवर्ड सांग. मी डब्याचं झाकण उघडलं. ईदेच्या आधी आबेदानं सगळे डबे घासले होते. झाकण लख्ख. तोंड दिसायलं माझं तेच्यात.

तो म्हणला, नवा पासवर्ड मागता येतो, पण तेची चिठ्ठी तुझ्या ईमेलवर येणार, आणि ईमेल नावासंगंच बंद पडलाय. घराला कुलूप, चावी आत. अर्ज करावा लागंल, महिना जाईल. मी म्हणले, पाच दिवस हायत. म्हणला, मंग नवीन नाव घ्या. अलीझा दहा मिनटांत करून देईल. मी म्हणले, तिला नको. म्हणला, काहून? मी फोन ठेवून दिला.

आबेदा सकाळपासून जुन्या पोरींच्या आयांना एकेक फोन लावायलीय. निलंगा, उदगीर, कुठं कुठं. तुमच्या धाकटीची दहावी झाली ना? धाडा मंग. हौ, तीच मेस. आम्ही दोघीबी हाओत.
हे शेवटचं वाक्य प्रत्येकीला. मी तिकडं भाकरी थापायले. एक करपली. दुसरीबी.

११ जून, मंगळवार.
फोनवर ठरलेल्या धरून खाटा अकरा. गुरुपादप्पाला तेवढ्या पुरल्या, अभ्यासिकेच्या माणसाला तेनं चहा पाजून वाटंला लावलं. मला म्हणला, शेवटी चालली की तुमची वेबसाइट! आबेदा म्हणली, हौ अप्पा, चालली.
मी जिन्यावर जाऊन बसले.

१२ जून, बुधवार.
अलीझा आली. आबेदानंच बोलावली. मला म्हणली, बस गं केवळा, इथं माझ्या शेजारी. अलीझानं मांडीवर कम्प्युटर उघडला आणि अक्षरं दाबत गेली. केवळा आबेदा मेस डॉट इन. मधे काही अडलं न्हाई. चौकोनात दोन्ही नावं बसली आणि पुढं इतकी जागा उरली की सगळ्या गल्लीतल्या बाया बसल्या असत्या. हिरवी खूण आली. पाच मिनटंबी न्हाई लागली.

अलीझा म्हणली, तुमचं नाव आधी टाकलं, केवळादादी. दादीनंच सांगितलं तसं. तिची नजर माझ्यावर. मी फरशीवरच्या पिठाकडं बघायले.

आबेदा कांदा चिरायली होती. मान वर न करता म्हणली, तवा मशीन लहान असंल.
अलीझा बोलायला गेली, न्हाई दादी, मशीनचं काही... आबेदानं नुसतं तिच्याकडं बघितलं. पोरीनं कम्प्युटर मिटला.
मी म्हणले, हाव. लहानच होतं.

मंग खट्ट्याला उकळी आली. रोजे संपून आठवडा झालाय, आता तिला चाखता येतं. तरीबी चमचा माझ्याच पुढं धरला. मीठ?
तोंडाला काही कळंना. बरोबर हाय, म्हणले.